राख आणि राखण : मोरा बंदरावरची टिपणं

राखेचा बुधवार. सकाळची मिस्सा आटोपून थेट उरणच्या मोरा बंदरावर आलो, मुंबईला जायचं होतं. सुकती लागलेली, लाँच बंद. इथे गाळ इतका साठतो की उधाणाच्या दिवसांत ओहोटीला लाँच धक्क्याला लागूच शकत नाही. पाणी चढेपर्यंत सगळे थांबतात, कारकून, मासळीवाल्या, कॉलेजची मुलं, सगळे. एक गृहस्थ सारखे घड्याळ बघत होते आणि खिडकीवरच्या माणसाशी भांडत होते. शेजारी जाळं शिवत बसलेला म्हातारा कोळी मान वर न करता म्हणाला, "पानी काय आपला नोकर हाय?"

तासाभरापूर्वी फादरांनी माझ्या कपाळावर राखेने क्रूस काढला होता आणि तू माती आहेस, मातीलाच मिळशील, ही आठवण करून दिली होती. म्हाताऱ्याने तेच सांगितलं, फक्त राखेशिवाय.

*

घरी आल्यावर पंचांग काढून पाहिलं. ईस्टर येतो वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. तिथून ४६ दिवस मागे गेलं की राखेचा बुधवार. म्हणजे तो अमावस्येला किंवा तिच्या नंतरच्या चार-पाच दिवसांतच पडतो. ऐन उधाणात. ज्या दिवशी चर्च माणसाला त्याची माती दाखवतं, त्या सुमारास मोऱ्याची खाडीही आपला गाळ सगळ्यात लांबवर उघडा टाकते. दोघांचा चंद्र एकच आहे. इतकी वर्षं इथे राहून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

*

कपाळाला लावायची राख येते मागल्या वर्षीच्या झावळ्यांतून. झावळ्यांच्या रविवारी येशूचा जयजयकार करत मिरवलेल्या त्याच झावळ्या जाळून ती करतात. मिरवणुकीची राख. हे कुणी मुद्दाम ठरवलं असेल तर त्याला माणूस नीट कळला होता.

*

मराठीत राख आणि राखणे हे शब्द एकमेकांना लागून उभे आहेत. संस्कृतातल्या 'रक्षा' शब्दाला आपल्याकडे दोन्ही अर्थ आहेत. रक्षाविसर्जनातली रक्षा म्हणजे भस्म, आणि रक्षा म्हणजे सांभाळही. हिब्रू, ग्रीक, लॅटिन बायबल वाचणाऱ्याला हा योग मिळत नाही. त्यांचे योग वेगळे. हिब्रूत माती म्हणजे 'आदामा' आणि त्या मातीतून घडवलेला तो 'आदाम'. लॅटिनमध्ये जमीन म्हणजे 'ह्यूमस' आणि नम्रता म्हणजे 'ह्युमिलितास', एकाच मुळातून. त्यांच्या भाषेत माणूस कशाचा आहे ते कळतं. आपल्या भाषेत कशाचा आहे आणि कशासाठी आहे, दोन्ही एका शब्दात कळतं. मला मराठीत विश्वास ठेवायला मिळाला याचं या एका शब्दापुरतं तरी मोठं सुख वाटतं.

कोकणात प्रत्येक गावाला राखणदार असतो. तो गावाचा मालक नसतो. त्याच्या नावावर सात-बारा नसतो. तो रात्री गावाभोवती फिरतो, एवढंच त्याचं काम. आमच्या शास्त्रातला माणूस मला असा दिसतो.

*

उत्पत्तीच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यात माणसाला समुद्रातल्या माशांवर, आकाशातल्या पाखरांवर, सगळ्या जीवांवर सत्ता दिली आहे. शब्द कडक आहेत, ते मऊ करून सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्यात देव माणसाला बागेत आणून ठेवतो आणि दोन कामं देतो. तिची मशागत कर, तिची राखण कर. पहिल्या कामाचं हिब्रू क्रियापद 'आबाद' आणि त्याचा अर्थ सेवा करणं असाही होतो. चाकर राबतो तेही तेच क्रियापद.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला पहिला अध्याय पाठ होता, दुसरा कुणी विचारत नसे.

आणखी एक गोष्ट त्या वर्गात सुटली होती. आम्ही म्हणायचो, माणूस सृष्टीचा मुकुटमणी, शेवटी घडवला. पण माणसाला स्वतंत्र दिवसही मिळालेला नाही. सहाव्या दिवशी आधी गुराढोरांना आणि सरपटणाऱ्या जीवांना घडवलं, मग उरलेल्या दिवसात माणसाला. त्याच्याही आदल्या दिवशी मासे आणि पाखरं आली आणि फळा, पाण्यात भरून राहा, असा आशीर्वाद त्यांना माणसाआधी मिळाला. आणि सगळ्यांत शेवटी माणूस नाहीच. शेवटी विसावा आहे, सातवा दिवस.

*

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचे दिवस. मोऱ्याच्या कोळीवाड्यात होड्या वर ओढलेल्या, झापांनी झाकलेल्या. सरकारी कायद्याच्या कितीतरी आधीपासून कोळ्यांची नारळी पौर्णिमा हेच सांगत आली आहे. दर्याला नारळ दिल्याशिवाय त्याच्यात उतरायचं नाही.

लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आज्ञा आहे. विसावा माणसाला नव्हे, जमिनीला. शब्बाथ हा जमिनीचा हक्क आहे. मी हा अध्याय आयुष्यात अनेकदा वाचला, पण तो समजला जुलैमध्ये कोळीवाड्यातल्या ओळीने पालथ्या पडलेल्या होड्यांकडे बघताना.

*

गाळात निवट्या उड्या मारतात. मासा असून चिखलावर चालतात, डोळे डोक्यावर. अर्धा तास बघत बसलो.

ईयोबाच्या पुस्तकात दुःखाने होरपळलेला माणूस देवाला जाब विचारतो तेव्हा देव उत्तर देत नाही. तो त्याला प्राणी दाखवत सुटतो. रानगाढव, शहामृग, ससाणा, पाणघोडा, समुद्रातला प्रचंड जीव. अध्यायामागून अध्याय हेच. त्यातला एकही माणसाच्या उपयोगाचा नाही, घोडा सोडला तर. मला पूर्वी हे उत्तर टाळणं वाटायचं. आता वाटत नाही. दुःखी माणसाला देव सांगतो आहे की माझं प्रेम तुझ्या उपयोगापुरतं नाही. निवटीला पाहताना हे पटतं. तिला बाजारात भाव असो नसो, तिच्यावरही कुणीतरी वेळ घालवलेला दिसतो.

*

७ ऑगस्ट २०१०. मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडलं. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, काहींत कीटकनाशकं होती. उरणच्या बाजूला तिवरांच्या मुळ्या काळ्या झाल्या. तिवराची मुळं गाळातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि श्वास घेतात, त्या श्वासाच्या नळ्यांवरच तेलाचा थर बसला. मासळी खायला लोक घाबरले, बाजार ओस पडले, कोळी घरी बसले.

पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हते आहे असं म्हटलं आहे. आम्ही ते नेहमी आत्म्याच्या अर्थाने ऐकलं होतं. त्या ऑगस्टमध्ये ते ऐकू येईल इतकं शब्दशः खरं होतं. मला तेव्हा प्रार्थना सुचली नाही. क्षमा मागायची तर कुणाची, हेच कळेना, देवाची की तिवरांची.

*

१९६७ साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकी इतिहासकाराने 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की पर्यावरणाच्या संकटाचं मोठं ओझं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर आहे, कारण त्याने माणसाला सृष्टीबाहेर, सृष्टीच्या डोक्यावर बसवलं. अनेक ख्रिस्ती पंडितांनी त्याला उत्तरं दिली. काही उत्तरं बरोबरही आहेत. पण मला वाटतं, आधी आरोप ऐकून घ्यायला हवा होता. आम्ही पहिला अध्याय पाठ केला आणि दुसरा विसरलो, हे खरंच आहे. माझ्या वर्गात तरी खरं होतं.

व्हाइटनेच उपायही सुचवला होता, असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत करा. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते केलं.

*

फ्रान्सिसने सृष्टीचं स्तोत्र १२२५ साली रचलं, आंधळेपण आलेलं असताना, आजारात. लॅटिनमध्ये नाही, आपल्या प्रांताच्या बोलीत. त्यानंतर ६५ वर्षांनी आपल्या नेवाशात एका तरुणाने संस्कृत सोडून मराठीत गीतेवर बोलायला घेतलं आणि शेवटी देवाकडे मागितलं ते सगळ्या प्राणिमात्रांसाठी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण लोकभाषेत देवाशी बोलायला लागलं की माणूस एकट्यासाठी मागत नाही, असं मला दिसतं.

फ्रान्सिसने सूर्याला भाऊ म्हटलं, चंद्राला बहीण, पाण्याला बहीण, अग्नीला भाऊ. युरोपात हे आजही नवल म्हणून सांगतात. मराठी घरात नवल वाटायचं कारण नाही. आपण बाळाला घास भरवताना चंद्राला मामा करतो, चिमणीला ताई, कावळ्याला दादा, मांजरीला मावशी. पोर बोलायला लागायच्या आधी त्याला सृष्टीची नाती सांगून होतात. मग पहिलीत घालतो आणि ती नाती मोडतात. पुढे तोच मुलगा मोठा होऊन खाजणात भराव टाकतो.

*

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नावही फ्रान्सिसच होतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईत बिल्डर आणि पाण्याच्या टँकरवाल्यांनी विहिरी उपसायला सुरुवात केली, बागायती बुडायला लागली, तेव्हा ते हरित वसई संरक्षण समितीच्या पुढे उभे राहिले. धमक्या आल्या. ते 'सुवार्ता'चे संपादक होते, प्रवचनकार होते, त्यांना गप्प बसणं सोपं होतं. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला पुढे साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २५ जुलै २०२४ रोजी गेले. पण मला ते आठवतात केळीच्या बागेतल्या विहिरीच्या बाजूने उभे राहिलेले. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायावर याहून चांगलं भाष्य मराठीत मी वाचलेलं नाही, आणि हे तर लिहिलेलंच नव्हतं.

जून २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक आलं. पृथ्वी हे आपलं सगळ्यांचं घर आहे आणि गरिबांचा आक्रोश आणि पृथ्वीचा आक्रोश वेगळे नाहीत, हा त्याचा गाभा. वसईच्या विहिरीवर आणि उरणच्या खाडीवर हे वाचायला भाषांतर लागत नाही.

*

सावध राहायची जागा. 'आपली पायरी ओळखून राहा' हे वाक्य मराठीत कोण कुणाला म्हणत आलं आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. वरच्याने खालच्याला. नम्रतेवर प्रवचन करणाऱ्याने आधी हे वाक्य जिभेवरून पुसून टाकावं.

इथून जवळच हनुमान कोळीवाडा आहे. न्हावा-शेव्याच्या बंदरासाठी जुन्या शेव्यातल्या कोळ्यांना उठवून तिथे वसवलं. जमीन वाळवीने भरलेली. घराचे वासे, दारं, कपाटं, कागद, सगळं वाळवीने खाल्लं. समुद्राची माणसं समुद्रापासून तोडून वारुळावर बसवली. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. जगभरचा माल त्यांच्या जुन्या दारावरून जातो.

फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने निकाल दिला. उरण-पनवेल पट्ट्यातल्या चार कोळीवाड्यांच्या १६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्या, बंदर, ओएनजीसी आणि सिडको यांनी. खारफुटी गेली, भरतीच्या वाटा बुजल्या, मासळी गेली, म्हणून. मी कायदा जाणत नाही. पण मासेमाराचा हक्क आणि पाण्याच्या वाटेचा हक्क एकाच कागदावर लिहिला गेला, हे मला फार मोठं वाटलं.

त्या कोळीवाड्यात जाऊन कुणी नम्रतेवर बोलू नये. तिथे लूकच्या शुभवर्तमानातलं मरियेचं स्तोत्र वाचावं. गावातली गरीब मुलगी, पोटात बाळ, आणि ती गाते की देवाने बलवानांना सिंहासनावरून खाली ओढलं आणि दीनांना वर उचललं. बायबलमधली नम्रता दोन दिशांनी चालते. उंचावर आहे त्याने उतरायचं असतं, आणि दाबला गेला आहे त्याला उठवायचं असतं. फिलिप्पैकरांच्या पत्रात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं असं म्हटलं आहे. देवाच्या बरोबरीचा असून दासाचं रूप घेतलं. उतरला तो, ज्याच्याकडे उतरायला उंची होती.

*

मीठ. उरणची मिठागरं एके काळी फार मोठी. आगरी लोकांचं नावच आगरावरून पडलं म्हणतात. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हाने दाट करायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की फावड्याने ओढून काठावर रास घालायची. पावसाआधी सगळं संपलं पाहिजे. पाय फाटतात, डोळे जळतात.

तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात, असं येशूने शिष्यांना सांगितलं. आम्ही ते कौतुक समजतो. पण मीठ कालवणात दिसत नाही. दिसलं तर ते जास्त झालं. जग वाचवायला निघालेल्या आमच्यासारख्या लोकांनी हे एकदा मिठागरावर उन्हात उभं राहून ऐकावं.

*

पाणजे पाणथळावर रोहित पक्षी उतरले आहेत. दूरवर गुलाबी रेघ.

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ विमान त्यांच्या थव्यावर आदळलं. ३९ पक्षी मेले. अशाच गाळावर चरणारे. एक चिमणीही पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही असं मत्तयच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो. तो त्यांना वाचवतो असं म्हणत नाही. त्याला कळतं, एवढंच म्हणतो. मला हे वाक्य लहानपणी दिलासा वाटायचं. आता ते ओझं वाटतं. कारण मलाही कळलं होतं, आणि सकाळी मी पेपर घडी करून ठेवला होता.

*

अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. सुमारे २१.८ किलोमीटर, बहुतेक समुद्रावरून. त्याला भरती-ओहोटीचं काही नाही. गेल्या वर्षी बहिणीला रात्री छातीत दुखायला लागलं, लाँच नव्हती, गाडीने सेतूवरून मुंबईत नेलं आणि ती वाचली. तेव्हापासून पुलाकडे बघताना मी मनात हात जोडतो. ज्यांनी समुद्राच्या तळात खांब रोवले त्या मजुरांसाठी आणि इंजिनियरांसाठी.

स्तोत्रसंहितेतलं आठवं स्तोत्र माणसाला एकाच दमात धूळ आणि राजा करतं. आकाश, चंद्र, तारे पाहून आधी विचारतं की माणूस तो काय, आणि लगेच म्हणतं की त्याला गौरवाचा मुकुट घातला आहेस. मुकुट नाकारणं ही नम्रता नाही, ती खोटी दीनता. पूल बांधता येतो हे देवाचंच देणं. पुलाखालच्या पाण्यात आणखी कुणाचं घर आहे, हे खांब रोवण्याआधी विचारणं, ते माणसाचं काम.

*

पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावात हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घालवली. ज्यांना 'पंडिता' म्हणून कलकत्त्यात गौरवलं, त्यांनी अवघड शब्द टाळले, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला वाचता यावं म्हणून. त्या १९२२ मध्ये गेल्या, बायबल १९२४ मध्ये छापून आलं. विद्वानाने आपली विद्वत्ता लपवून ठेवणं, हे किती कठीण असतं ते लिहिणाऱ्यालाच कळतं.

तीनशे वर्षं आधी थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ओवीत 'क्रिस्तपुराण' लिहिलं, १६१६. परक्या माणसाने आपल्या भाषेच्या पायाशी बसून शिकून घेतलं. तोही सृष्टीपासूनच सुरू करतो.

*

पवित्र गुरुवार. चर्चमध्ये बाराजणांचे पाय धुतले. पाय सगळ्यांचे आधीच धुतलेले, साबण लावून. पेत्र नको म्हणाला होता, माझे पाय तू धुवायचे नाहीत. तो मासेमार. त्याच्या पायांना गालीलच्या सरोवराचा चिखल असणार.

संध्याकाळी मोऱ्यावर आलो. मासळीवाल्या धक्क्यावरून उतरत होत्या, गुडघ्यापर्यंत गाळ. एकीने नळाखाली पाय धरले आणि दुसरीने तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. मग उलट.

*

नारळी पौर्णिमेनंतरचा आठवडा. पाणी चढतं आहे. तो जाळं शिवणारा म्हातारा आज धक्क्याच्या टोकाशी नातवाला पाग फेकायला शिकवत होता. दोनदा पाग गोळा होऊन पडला, तिसऱ्यांदा गोल उघडला. ओढला तर त्यात चार बोय, थोडी कोळंबी आणि बोटभर लांबीचा एक जिताडा. पोरगा खूश. जिताडा मोठा होतो तेव्हा त्याचं काय मोल असतं, हे उरणच्या पोराला सांगावं लागत नाही.

पोराने आजोबाकडे पाहिलं. आजोबा दोरी गुंडाळत राहिला, काही बोलला नाही.

पोरगा खाली वाकला, हात पाण्यात घातला आणि मूठ उघडली. मग पाग खांद्यावर घेऊन परत उभा राहिला.